तरंगते नेपथ्य

आमच्या जाफराबादेस पूर्णा व केळना यांच्या पाण्याची ओळख. समुद्र पाहिलेली माणसे थोडी. त्यामुळे गेल्या चैत्रात आमचा एक जुना विद्यार्थी वडिलांसह घरी येऊन म्हणाला, "गुरुजी, पर्यटकांच्या बोटीवर नाटकगृहात पडद्यामागचे काम मिळते आहे," तेव्हा आम्हीही क्षणभर स्तब्ध झालो. वडील म्हणाले, "इतके शिकून बोटीवर दोर ओढायचे काय? उद्या मुलगी कोण देईल? आपणच काय ते सांगा."

मुंबईहून गोव्याकडे जाणारी 'एम्प्रेस' बोट सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. १९९० साली फ्रान्सात बांधलेल्या त्या बोटीत नाटकगृह आहे. अशा ठिकाणी छत ठेंगणे, त्यामुळे पडदे वर ओढून घेण्यास जागा अपुरी. बहुतेक देखावे प्रकाशाच्या पटावर दाखवितात. प्रत्येक सामान पट्ट्यांनी जखडून ठेवावे लागते, कारण रंगभूमीच डुलते. समुद्र खवळला की अधांतरी कसरती रद्द होतात आणि नाच बदलावे लागतात. शिवाय पडदा सांभाळणारा तेथे खलाशीही असतो. आग विझविणे, प्रवाशांस होडीपाशी नेणे यांचे शिक्षण घेतल्यावाचून त्यास बोटीवर नोकरी नाही. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रमकराराने चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती ठरविली आहे. ती खरोखर मिळते काय, हे मात्र आम्ही त्यास खोदून विचारले.

द्विजांची समुद्रयात्रा एके काळी कलिवर्ज्यांत गणली होती, हे वडिलांनी काढलेच. तो प्रश्न आपल्या घरांतून केव्हाच निकालात निघाला आहे. खरा सल पडद्यामागच्या कामाचा होता. म्हणून आम्ही कपाटातून नाट्यशास्त्र काढले. भरतमुनींनी नेपथ्याचे चार प्रकार सांगितले, त्यांत पुस्त पहिला. आणि पुस्तातही यंत्राने हलणारे ते 'व्याजिम'. म्हणजे यंत्र चालविणाऱ्यास शास्त्रात स्थान आहे! अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' १९६२ साली फिरत्या रंगमंचावर आले, तेव्हा टाळ्या पणशीकरांस पडल्या, हे योग्यच. परंतु तो मंच वेळेवर फिरविणारे हात चुकते तर नट काय करता?

वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एवढेच विचारले, "वादळ आले तर?" मुलगा उत्तरला, "आधी माणसे, मग पडदा." हे उत्तर आम्हांस आवडले, वडिलांसही आवडले असावे, कारण परवान्याच्या कागदांसाठी लागणारी रक्कम त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढली.

गणेशोत्सवात त्याचे पत्र आले. समुद्र खवळल्याने दोरीवरची कसरत रद्द झाली, आणि त्यालाही दोनदा ओकारी झाली. वडिलांनी पत्र आम्हांस पूर्ण वाचून दाखविले. आजीला वाचताना ओकारीची ओळ गाळली.