पटकीच्या जंतूची वंशावळ

पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत ओढून न्यावा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून द्यावा, अशी रीत दख्खनच्या खेड्यापाड्यांत होती. रोग आपला नव्हे, बाहेरून आलेला, तेव्हा त्याने बाहेरच जावे, हा त्यामागचा भाव. तो केवळ खेडुतांचाच होता असे मात्र नाही. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने पटकीच्या प्रसाराचे खापर हिंदुस्थानातील यात्रांवर फोडले, आणि आमच्या सोलापूर जिल्ह्यातील पंढरीच्या वारीकडेही इंग्रजी अमदानीत याच संशयाने पाहिले गेले. आता जंतूच्या डीएनएचे अक्षरन् अक्षर वाचण्याची विद्या हाती आल्यावर, साथ कोणी आणली हे यंत्रच परस्पर सांगून टाकील, अशी नवी समजूत रूढ होत आहे.

वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. पटकीच्या जंतूचा जनुकसंच सुमारे ४० लाख अक्षरांचा असून त्याचे पहिले संपूर्ण वाचन २००० साली प्रसिद्ध झाले. पिढ्यान् पिढ्या नक्कल होताना त्यात चुका होतात, पण फार सावकाश: १९६१ पासून चालू असलेल्या सातव्या जागतिक साथीच्या वंशात वर्षाला सरासरी तीनच्या आसपास अक्षरे बदलतात. म्हणून दोन रुग्णांच्या जंतूंत एकदोन अक्षरांचाच फरक निघाला, तर त्यांचा पूर्वज अगदी अलीकडचा, एवढे निश्चयाने म्हणता येते. ही झाली वंशावळ. तिला पंचनामा समजणे चुकीचे. जंतू कोणत्या विहिरीतून, कोणत्या फुटक्या नळातून आला, हे ती सांगत नाही. सोलापुरासारख्या शहरात, जिथे पाणी दिवसाआड, कधी त्याहूनही अधिक अंतराने येते, तिथे रिकाम्या नळात दाब नसला म्हणजे शेजारच्या गटाराचे पाणी भेगांतून आत ओढले जाते. ते शोधण्यास घरोघर हिंडून जबान्या घेणारा माणूसच लागतो.

हैतीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे ऑक्टोबर २०१० मध्ये पटकी उद्भवली तेव्हा नेपाळहून आलेल्या शांतिसैनिकांच्या छावणीचे मैलापाणी नदीत मिसळल्याचा संशय प्रथम आला तो रुग्णांच्या नकाशावरून. हैतीच्या आणि नेपाळच्या काही जंतूंत एकदोन अक्षरांचाच भेद असल्याचे जनुकवाचनाने दाखवून दिले ते पुढच्या वर्षी. त्या जंतूच्या विषनिर्मितीच्या जनुकातील एका विशिष्ट अक्षरबदलास ‘हैती प्रकार’ हे नाव पडले, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात आपल्या यवतमाळच्या साथीतील जंतूतही तोच प्रकार नोंदलेला आढळतो. नाव ऐकून कोणी म्हणेल, पहा, रोग हैतीहून विदर्भात आला! वास्तविक हाच बदल कोलकात्याच्या २००६ सालच्या नमुन्यांत, म्हणजे हैतीच्या साथीपूर्वी चार वर्षे, सापडलेला आहे. मरीआईचा गाडा शास्त्रीय परिभाषेतूनही असा हाकता येतो.

दुसरा गैरसमज रुग्णशय्येजवळचा. जुलाब लागले की जनुकतपासणीचा अहवाल येईतो थांबावे, असे कोणी मानू लागला तर तो प्राणांशी खेळ ठरेल. पटकीत काही तासांत शरीर शुष्क होते, आणि क्षारशर्करेचे पाणी, प्रसंगी सलाईन, हाच तातडीचा इलाज होय. शिवाय शौचाच्या नमुन्यात जंतूचे डीएनए सापडले म्हणजे तो जिवंत आहे किंवा दुखणे त्याचेच आहे, असेही सिद्ध होत नाही, कारण मेलेल्या जंतूचे डीएनएही वाचले जाते. औषधाला दाद न देण्याची जनुके वाचनात दिसतात खरी, पण प्रत्यक्ष कोणते औषध लागू पडते हे पाहण्यासाठी जंतू वाढवून पाहणे अजून सुटलेले नाही. मुदतीच्या तापाच्या बाबतीत तर आपल्याकडे १८९६ सालच्या विडाल चाचणीवर अजून निदानाची बरीच भिस्त असते; ती जंतू दाखवीत नाही, रक्तातील प्रतिद्रव्ये तेवढी दाखविते, आणि ती जुन्या संसर्गाची वा लसीचीही असू शकतात. जनुकवाचनाची गोष्ट त्यानंतरची. आधी प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी रक्ताचा नमुना जंतुसंवर्धनासाठी प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, कारण संपूर्ण वंशावळ मांडायची ती बहुधा तिथे वाढलेल्या जंतूवरूनच.