‘बोलेल हळूहळू’ म्हणत किती थांबायचं? सिनेमातला ऑटिझम आणि घरातला ऑटिझम

दोन वर्षांचं मूल अजून बोलत नाही, अशी काळजी घरात कुणी बोलून दाखवली की उत्तर ठरलेलं असतं: ‘बोलेल हळूहळू, याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता?’ कन्नड असो की पुण्यातली सोसायटी, वाक्य तेच. बऱ्याच मुलांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. ज्यांच्या बाबतीत ठरत नाही, त्यांची मात्र दोन-तीन वर्षं याच वाक्यात निघून जातात. शिकायला मेंदू सर्वांत जास्त तयार असतो, तीच ही वर्षं.

ऑटिझम हा शब्द आता कुणाला नवीन नाही. शाहरुखचा ‘माय नेम इज खान’ टीव्हीवर कितीतरी वेळा लागून गेला आहे. आमिर खानचा ‘सितारे जमीन पर’ जून 2025 मध्ये थिएटरला आला आणि ऑगस्टमध्ये यूट्यूबवर 100 रुपयांत मोबाइलवरच उपलब्ध झाला. पण सिनेमातून ओळखीचा झालेला ऑटिझम आणि दीड वर्षाच्या मुलात दिसणारा ऑटिझम यांच्यात इतकं अंतर आहे की, पहिला माहीत असलेल्यालाही दुसरा ओळखू येत नाही.

सिनेमात दाखवतात तसाच असतो का?

थोडाफार. 1988 च्या ‘रेन मॅन’ने जगभर एक साचा तयार केला: माणसांत मिसळता येत नाही, पण आकडेमोडीत कॉम्प्युटर. डस्टिन हॉफमन यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. गंमत म्हणजे हे पात्र ज्यांच्यावरून सुचलं ते किम पीक ऑटिस्टिक नव्हते, असं नंतर डॉक्टरांचं मत झालं. त्यांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टाच जन्मतः नव्हता. साचा मात्र टिकला. अशी थक्क करणारी एखादी क्षमता ऑटिझम असलेल्या मोजक्याच लोकांत असते. तरी निदान झाल्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, ‘मग याला गणित भारी येत असेल ना?’

हिंदीत दुसरा साचा चालतो, तो निरागसतेचा. ‘बर्फी’मधली (2012) झिलमिल गोड आहे, प्रेमळ आहे, प्रियांका चोप्राने ती मनापासून केली आहे. पण झोप न लागणारी रात्र, चारच पदार्थ खाणारं मूल, लग्नाच्या मांडवात डीजे सुरू होताच कान दाबून जमिनीवर लोळणारं मूल आणि ‘जरा वळण लावा’ म्हणणारे पाहुणे, हे तिथे सापडत नाही. ‘माय नेम इज खान’मधल्या (2010) रिझवानला अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम आहे. 2013 पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात हे वेगळं नाव राहिलेलं नाही, ते ऑटिझममध्येच धरलं जातं. आणि ‘तारे जमीन पर’मधल्या (2007) ईशानला ऑटिझम नव्हता, डिस्लेक्सिया होता. ही गल्लत अजूनही होते.

‘सितारे जमीन पर’चं वेगळेपण असं की, बास्केटबॉल संघातले दहा खेळाडू साकारणारे कलाकार स्वतः ऑटिझम, डाउन सिंड्रोम अशा स्थितींसह जगणारे आहेत. मराठी प्रेक्षकांना मात्र हे पूर्ण नवं नव्हतं. 2014 च्या ‘यलो’मध्ये डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका केली होती. त्या मानाने या सिनेमाची चर्चा कमी झाली, असं माझं मत.

मग खरी लक्षणं कोणती?

पडद्यावर न दिसणारी, बारीक. मूल काय करतं यापेक्षा काय करत नाही, तिकडे लक्ष द्यावं लागतं.

आजी अंगणात ‘चांदोमामा कुठंय?’ विचारते आणि मूल बोट वर करतं. या साध्या खेळात तीन गोष्टी एकदम घडतात: आजीचं ऐकणं, चंद्राकडे पाहणं आणि ‘तुलाही दिसला ना?’ म्हणून पुन्हा आजीकडे पाहणं. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांत यातला शेवटचा भाग येत नाही. पाणी हवं असेल तर मूल माठाकडे बोट दाखवत नाही, तुमचा हात धरून माठापर्यंत नेतं.

नऊ महिन्यांनंतर नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही. वर्षाचं झालं तरी टाटा करत नाही. दीड वर्षाचं होऊनही बोट दाखवून काही मागत किंवा दाखवत नाही. दोन वर्षांचं झालं तरी ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ अशी दोन शब्दांची जोडणी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, येत असलेले शब्द किंवा हातवारे बंद झाले, तर कोणत्याही वयात एक दिवसही वाट पाहू नये.

याशिवाय गाडी चालवण्याऐवजी ती उलटी करून चाकच फिरवत बसणं, डबे-चपला एका ओळीत लावणं, फिरत्या पंख्याकडे टक लावून पाहणं, चवड्यांवर चालणं, आनंद झाला की हात फडफडवणं, कुकरच्या शिट्टीने घाबरणं हेही दिसू शकतं. पण यातलं एखादं लक्षण म्हणजे ऑटिझम नव्हे. चवड्यांवर चालणारी कितीतरी मुलं पुढे अगदी सामान्यपणे वाढतात. लक्षणं एकत्र दिसली तर तपासणी, एवढंच. आणि बोलत नसलेल्या मुलाची पहिली तपासणी कानांची. ऐकूच येत नसेल तर बोलणार कसं?

मुलींच्या बाबतीत हे आणखी अवघड जातं. निदान झालेल्यांत मुलग्यांचं प्रमाण तीन-चार पट आहे. पण मुली इतरांचं पाहून वागणं जुळवून घेतात, शांत राहतात, म्हणून सुटतात, असंही तज्ज्ञ सांगतात. शांत मुलगी आपल्याकडे गुणाचीच मानली जाते.

‘स्पेक्ट्रम’ म्हणजे कमी-जास्त का?

इथे इंजिनिअरिंगचं शिक्षण थोडं कामाला येतं. बहुतेकांना वाटतं की स्पेक्ट्रम म्हणजे आवाजाचं एक बटण: डावीकडे सौम्य, उजवीकडे तीव्र. प्रत्यक्षात ते डीजेच्या मिक्सरसारखं आहे. भाषा, आवाज-स्पर्शाची संवेदना, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, बुद्धिमत्ता, झोप. प्रत्येकाची पट्टी वेगळी आणि प्रत्येक मुलात वेगळ्या जागी. एखादा मुलगा दहावीला उत्तम गुण मिळवतो, पण बसस्टँडच्या गोंगाटात कोसळतो. दुसऱ्याला एक शब्द बोलता येत नाही, पण सांगितलेलं सगळं कळतं. जवळपास एक चतुर्थांश मुलांना पुढेही फारसं बोलता येत नाही. म्हणून सरसकट ‘मतिमंद’ म्हणणं चूक आणि सरसकट ‘जीनियस’ म्हणणंही.

हे आताच इतकं का वाढलं?

व्याख्या रुंदावली आणि तपासण्या वाढल्या, हे त्याचं मोठं कारण. 1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन केलं, तिथून हे निदान सुरू झालं. त्याआधीही अशी मुलं होतीच. गावात त्यांना ‘येडं’, ‘मुकं’, ‘अंगात आलेलं’ म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अंदाजानुसार जगात 127 माणसांमागे एकाला ऑटिझम आहे. भारतात पाच ठिकाणच्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 2 ते 9 वयोगटात हे प्रमाण शंभरात साधारण एक असं आलं. म्हणजे 300 लहान मुलं असलेल्या गावात तिघं असू शकतात. आपल्या गावात एकही नाही असं वाटत असेल, तर बहुधा निदान झालेलं नाही.

मोबाइलमुळे, लसीमुळे की आईमुळे?

आईमुळे नाही, हे आधी. ‘आईची माया कमी पडली’ हा सिद्धांत गेल्या शतकात अमेरिकेतही चालला आणि खोटा ठरला. आपल्याकडे त्याच आरोपाला सासरची भाषा असते: गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही, नोकरी केली, लक्ष दिलं नाही. वस्तुस्थिती अशी की ऑटिझममध्ये मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे. 2019 च्या पाच देशांच्या अभ्यासात तो सुमारे 80 टक्के निघाला. त्यात बापाकडची जनुकंही येतात.

लसीचा संबंध जोडणारा लेख ‘लॅन्सेट’मध्ये 1998 साली आला होता, तोही केवळ 12 मुलांवरचा. 2010 मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचा ब्रिटनमधला डॉक्टरकीचा परवाना गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, संबंध सापडला नाही. लस टाळल्याचं काय होतं, ते 2022 च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि आपल्या शेजारच्या मालेगावात गोवराच्या उद्रेकाने दाखवलं.

मोबाइलचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. स्क्रीनमुळे ऑटिझम होतो, असा पुरावा नाही. पण दिवसभर कार्टून लावून बसवलेल्या मुलाशी घरात कुणी बोलत नसेल तर त्याचं बोलणं लांबू शकतं आणि वरवर पाहता ते ऑटिझमसारखं वाटू शकतं. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र ‘मोबाइल बंद केला की होईल ठीक’ म्हणत तपासणी टाळणं हा ‘बोलेल हळूहळू’चाच नवा अवतार आहे.

औषधाने बरा होतो का?

नाही. झोप, चिडचिड, फिट्स यांसाठी डॉक्टर औषधं देतात. ऑटिझम घालवणारं औषध नाही. उपयोग होतो तो स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वागणूक शिकवण्याच्या पद्धती आणि विशेष शिक्षणाचा. त्याने मूल ‘नॉर्मल’ होत नाही. पण भूक लागली हे रडण्याऐवजी बोटाने, चित्राने किंवा शब्दाने सांगता येतं, आणि घरातला दिवस बदलायला एवढंही पुरतं.

स्टेम सेलच्या जाहिराती मोबाइलवर आल्या तर सावध राहा. हा उपचार लाखांच्या घरात जातो, आणि ऑटिझमसाठी त्याची शिफारस नाही, असं नॅशनल मेडिकल कमिशनच्या एथिक्स बोर्डाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. जमीन गहाण टाकण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

मोठेपणी काय होतं?

कॅनर यांच्या 11 मुलांतला पहिला होता मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याने बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला. 2023 मध्ये, 89 व्या वर्षी तो वारला. बँक घरचीच होती, ही सवलत सर्वांना नसते. पण गावाने त्याला त्याच्या लकबींसह आपलं मानलं होतं.

आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व प्रमाणित झालं तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक मिळतो. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. ‘आमच्यानंतर याचं काय?’ हा प्रश्न ज्यांना झोपू देत नाही, त्यांच्यासाठी 18 वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. त्यासाठीची स्थानिक समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते.

कन्नडमधून सुरुवात कुठून करायची?

अंगणवाडीतून. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा यायला हवीत. त्यांच्या तपासणीच्या यादीत ऑटिझमही आहे. पथक येणार त्या दिवशी ‘हा काहीच करू देत नाही’ म्हणून मुलाला घरी ठेवलं जातं. नेमकं त्यालाच न्यायला हवं. तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. पथकाची वाट पाहायची नसेल तर कन्नडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून संभाजीनगरला घाटीत जाता येतं. शहरात ‘आरंभ’ ही ऑटिझम असलेल्या मुलांसाठी काम करणारी संस्थाही आहे. ती अंबिका टाकळकर यांनी, अशाच एका मुलाच्या आईने उभी केली.

खरी अडचण अंतराची. कन्नड ते शहर साधारण 60 किलोमीटर. नागदसारख्या घाटाखालच्या गावातून निघालं तर आधी घाट चढून कन्नड, मग पुढची बस. थेरपीला आठवड्यातून दोनदा जायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते. अद्रक काढणीच्या दिवसांत हे कुणाला परवडणार? म्हणून पहिल्याच भेटीत ‘घरी आम्ही काय करायचं ते शिकवा’ असं थेट सांगावं. पालकांनी जेवताना, अंघोळीच्या वेळी, खेळताना करून घेतलेल्या सरावाचा उपयोग होतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. वाटेत वेरूळचं घृष्णेश्वर आणि खुलताबादचा भद्रा मारुती लागतो. नवस जरूर बोला. तपासणीची तारीख पुढे ढकलू नका.

प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात भारतीय मोजपट्टी वापरतात: 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, बेरीज 70 किंवा जास्त आली तर ऑटिझम. यूडीआयडी कार्डाचा अर्ज ‘स्वावलंबन’ पोर्टलवर मोबाइलवरूनही भरता येतो.

जाताना लसीकरणाचं कार्ड न्या. आणि फोनमध्ये घरचे दोन-तीन छोटे व्हिडिओ ठेवा: मूल एकटं खेळताना, नावाने हाक मारल्यावर, जेवताना. नव्या जागी, पांढऱ्या कोटासमोर मूल एकतर आकांत करतं नाहीतर गप्प बसतं. घरचा एक मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना जे दाखवतो, ते ओपीडीतल्या दहा मिनिटांत दिसेलच असं नाही.