फराळानंतरचा पेला

भाऊबीज झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. आता डब्यांच्या तळाशी चकल्यांचे तुकडे, मऊ पडलेली शंकरपाळी आणि चिवड्यातले दाणे तेवढे उरलेत. टाकवत नाहीत म्हणून ते संपवतं कोण? बहुतेक घरांत आपणच! मग पोट डब्ब, तोंडाला चव नाही आणि दुपारभर जांभयांवर जांभया.

तळणीचं खाणं जठरातून पुढे सरकायला वेळ घेतं. म्हणून आधी एक वेळचं जेवण हलकं करा. मुगाची पातळ खिचडी किंवा भाताची पेज पुरे. ते न करता नुसती पेयं पीत राहिलात तर गुण कसा येणार?

ताक सगळ्यांत सोपं. वाटीभर ताज्या दह्यात तीन वाट्या पाणी घालून घुसळा, लोणी काढून घ्या. भाजलेल्या जिऱ्याची पूड, किंचित हिंग आणि चवीपुरतं सैंधव घाला. रक्तदाब असलेल्यांच्या पेल्यात मीठ नको. सैंधव म्हणजेही मीठच. आणि ताक बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवू नका, कळकतं.

पोटात वायू धरला असेल तर चमचाभर ओवा दोन पेले पाण्यात घालून पाणी निम्मं होईतो उकळा नि कोमट असताना घोट घोट प्या. ओव्याचा तो झोंबरा वास थायमॉलचा. मात्र छातीत जळजळ असेल तर ओवा, आलं-लिंबू यांच्या वाटेला जाऊ नये. पुदिनाही नको. त्याने अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाचा स्नायू सैल पडतो आणि आंबट पाणी वर येतं. त्यापेक्षा धने-बडीशेप रात्री भिजत घालून सकाळी ते पाणी गाळून प्यावं, आणि जेवल्या जेवल्या आडवं होऊ नये.

ओव्याच्या पाण्याची एक आठवण मात्र माझ्या मनातून जात नाही. पाडव्याच्या रात्री मामंजींना छातीत दडपल्यासारखं वाटू लागलं. दुपारी अनारसे चांगलेच झाले होते, तेव्हा "बाधले असतील" म्हणत मीच ओव्याचं पाणी करून दिलं. त्यांनी ढेकर दिला, आम्हां सगळ्यांना हायसं वाटलं. पण कपाळावरचा घाम काही थांबेना, डावा हात जड झाला, तरी ते आपले "वायूच आहे गं" म्हणत राहिले. या सगळ्यात दोन तास गेले. हृदयविकाराचा झटका होता. मामंजी वाचले, पण पुढे जिना चढताना त्यांना दम लागायचा तो लागायचाच, आणि प्रत्येक वेळी मला तो पेला आठवायचा.

तेव्हा बायांनो, छातीत दडपण, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ, यातलं काही दिसलं तर चूल पेटवू नका, 108 ला फोन करा. आपल्या बायकांत तर कधी नुसती मळमळ आणि कमालीचा थकवा एवढंच दिसतं, आणि आपण ते फराळाच्या दगदगीवर घालतो.

आता पाचक, कारण ते करून ठेवलेलं बरं. कोवळं आलं किसून पिळा. रस तासभर हलवू नका. तळाशी पांढरा साका बसेल, वरचा निवळ रस अलगद ओतून घ्या. सासूबाई साका फेकत नसत, वरणात ढकलत. रसाइतकाच लिंबाचा रस, वाटीला अर्धा चमचा सैंधव आणि थोडी जिरेपूड घालून काचेच्या कोरड्या बाटलीत भरा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. जेवणाआधी चमचाभर, पाण्यातून. साखर हवी तर पिताना घाला, बाटलीत नको. वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं काहीही देऊ नका, मधाचं बोटही नको. दिवस गेलेल्या मुलीने ओव्याचं पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.