नळी तीच, मूल मोठं
लेखमाला : छोटी हृदयं – भाग सहावा

गेल्या आठवड्यात आपण निळ्या बाळांच्या मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत आलो होतो. काही बाळांमध्ये हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुफ्फुसाकडे जाणारी वाट जन्मतः तयारच झालेली नसते. काहींच्या हृदयातून दोन मोठ्या रक्तवाहिन्यांऐवजी एकच निघते. अशा वेळी सर्जन झडप असलेली एक नळी बसवून ती वाट बनवून देतात. डॉक्टरांच्या भाषेत हे ‘कंड्युट’. ओठांचा निळेपणा जातो, मूल अंग धरतं, शाळेत जाऊ लागतं. पारोळ्याचं घर असो की साक्रीचं, चौकशी केली तर उत्तर येतं, “पोऱ्या आते बरा शे.” ते खरंच असतं. पण याच बऱ्या काळात ती नळी हळूहळू अरुंद होत असते.

नळी अरुंद होण्याची अडचण शस्त्रक्रियेइतकीच जुनी आहे. 1966 मध्ये लंडनला डोनाल्ड रॉस आणि जेन सॉमरव्हिल यांनी मृत दात्याची झडपेसकट महाधमनी वापरून ही वाट तयार केली. पुढे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जियानकार्लो रास्तेल्ली यांनी बेतलेली शस्त्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दात्याची झडप हवी तेव्हा आणि हव्या त्या मापाची मिळत नाही. म्हणून 1970 च्या दशकात डेक्रॉनच्या कापडी नळीत डुकराची झडप शिवलेले तयार कंड्युट आले. काही वर्षांतच त्यांच्या आतल्या बाजूला जाड साल धरू लागली आणि रक्ताची वाट आवळली. मग सर्जन पुन्हा मानवी झडपांकडे वळले. त्यानंतर गाईगुरांच्या मानेतल्या शिरेपासून बनवलेली नळी आली. सामान बदलत गेलं, आयुष्य थोडंफार वाढलं, पण मुलाला जन्मभर पुरेल अशी नळी अजून कुणाला करता आलेली नाही.

याचं पहिलं कारण अगदी सरळ आहे. तान्ह्या बाळाच्या छातीत दहा-बारा मिलिमीटरचीच नळी मावते. प्रौढ माणसाला साधारण वीस-बावीस मिलिमीटरची वाट लागते. मूल वाढतं, नळी वाढत नाही. म्हणूनच जितक्या लहान वयात नळी बसते, तितक्या लवकर ती बदलावी लागते.

दुसरं कारण कॅल्शियमचं. जळगावच्या केळीबागायतदाराला ठिबकच्या नळीत क्षार साचून ड्रिपर कसे बुजतात, ते सांगायला नको. कंड्युटच्या झडपेतही चुन्यासारखा थर धरतो, पाकळ्या कडक होतात आणि पुरत्या उघडत नाहीत. मात्र साम्य इथेच संपतं. ठिबकची नळी आम्ल सोडून धुता येते, ही येत नाही. शिवाय हा थर दूध प्यायल्यामुळे धरत नाही. प्राण्याच्या ऊतीवर केलेली रासायनिक प्रक्रिया, परक्या ऊतीला शरीराचा होणारा विरोध आणि वाढत्या वयातली कॅल्शियमची जलद उलाढाल यांतून तो तयार होतो. त्यामुळे मुलाचं दूध बंद करू नका. त्याने नळी वाचत नाही, हाडं मात्र कच्ची राहतात.

तिसरं कारण जागेचं. नळी छातीच्या मधल्या हाडामागे दाबली जाते, वाकते किंवा फुफ्फुसाकडच्या जोडापाशी आवळते. कधी जंतुसंसर्गही झडपेचं नुकसान करतो. किडलेल्या दातांतले जंतू रक्तात उतरतात आणि झडपेवर घर करतात. म्हणून या मुलांचे दात जपायचे, आणि दात काढण्याआधी दंतवैद्याला हृदयाची शस्त्रक्रिया झाल्याचं आवर्जून सांगायचं. अँटिबायोटिकचा डोस आधी द्यावा लागतो.

खरा धोका असा की हे सगळं बराच काळ बाहेरून दिसत नाही. वाट अरुंद झाली की उजवा कप्पा जास्त जोर लावतो आणि त्याची भिंत जाड होत जाते. मूल खेळत असतं, म्हणून घरही निर्धास्त असतं. दम लागणं, पायांना सूज, चक्कर ही लक्षणं दिसेपर्यंत कप्पा थकलेला असू शकतो. स्टेथोस्कोपवरही भिस्त ठेवता येत नाही, कारण अशा मुलांच्या छातीत एरवीही खरखर ऐकू येते. खरी खबर टू-डी इको देतो. रक्त अरुंद जागेतून जितक्या वेगाने जातं, तितका दाबातला फरक मोठा. वेगाचा वर्ग करून त्याला चाराने गुणलं की तो फरक मिळतो. वेग सेकंदाला तीन मीटर असेल तर 36, चार मीटर असेल तर 64. रिपोर्टातला ‘ग्रेडियंट’ तो हाच. एकट्या आकड्याने घाबरून जायचं नाही. गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी तो ठेवून पाहायचा. म्हणून जुने रिपोर्ट एकाच फाइलमध्ये हवेत.

उजव्या कप्प्यातला दाब डाव्याच्या दोन तृतीयांशाच्या पुढे गेला, किंवा कप्पा थकू लागला, की उपाय करावा लागतो. पूर्वी पुन्हा छाती उघडणं एवढाच मार्ग होता, आणि हाडामागे चिकटलेली नळी सोडवणं जोखमीचं असतं. 2000 मध्ये फिलिप बोनहोफर यांनी पॅरिसमध्ये 12 वर्षांच्या मुलाच्या बिघडलेल्या कंड्युटमध्ये शिरेतून नवी झडप बसवली, छाती न उघडता. आपल्याकडे वापीला तयार होणारी मायव्हाल ही झडप मूळची महाधमनीसाठी, पण भारतातल्या डॉक्टरांनी ती या जागीही बसवली आहे. हा मार्ग सगळ्यांना लागू पडत नाही. नळी फार बारीक असेल किंवा हृदयाची स्वतःची धमनी तिला खेटून असेल, तर शस्त्रक्रियाच करावी लागते.

आता खानदेशाकडे येऊ. जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. जळगाव नंतरच्या टप्प्यात आलं. आज ही योजना महात्मा फुले यांच्या नावाने चालते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. त्यामुळे मूल सापडतं आणि ऑपरेशनपर्यंत पोहोचतं. गाठ सुटते ती त्यानंतर. जळगावहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटर. खेळत्या मुलाला केवळ तपासणीसाठी तिथे न्यायचं, तर दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि मूल तर बरं दिसतंय! पालकांचा हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. कारण ऑपरेशनच्या दिवशी त्यांना बहुधा एवढंच कळलेलं असतं की मूल वाचलं. नळी बदलावी लागणार, हे तेव्हाच डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून मिळालं पाहिजे. नळीचं माप, प्रकार, बसवल्याची तारीख आणि पुढच्या इकोचा महिना एवढ्या चार ओळी पुरतात. शाळेत पथक येईल तेव्हा ते कार्ड दाखवा, पुढच्या तपासणीची चिठ्ठी मागा. खर्चाचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, दाखल व्हायची वेळ येईपर्यंत थांबू नका.

पुढच्या भागात : अशा मुली मोठ्या होतात, लग्नं ठरतात. गरोदरपणात ही नळी किती भार सोसते?