चक्कर मानेची की कानाची?

करमाळ्यात काय किंवा पुण्यात काय, चक्कर आली की पहिला संशय मानेच्या मणक्यावर. मग एक्स-रे, पट्टा, नाहीतर कुणाकडून तरी मान ‘बसवून’ घेणं. पण पन्नाशीनंतर मणक्यांची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसतेच. तेवढ्यावरून मान दोषी ठरत नाही.

कारण पुष्कळदा आतल्या कानात असतं. तिथले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. मग कूस बदलली किंवा करमाळ्यातल्या कमलादेवी मंदिराच्या गोपुराकडे मान वर करून पाहिलं, तरी काही सेकंद सगळं गरगरतं. अमेरिकेतल्या डॉ. जॉन एप्ली यांनी १९८०मध्ये डोकं ठरावीक क्रमाने वळवून हे कण माघारी नेण्याची पद्धत मांडली. काही मिनिटांचं काम, तेही बहुधा औषधाविना!

हाताने मणके ‘बसवणारं’ कायरोप्रॅक्टिकही अमेरिकेतलंच, १८९५चं. वरची मान आखडली की तोल गेल्यासारखं वाटू शकतं, हे खरं. तिथे फिजिओथेरपीचे हलके व्यायाम पुरतात. मानेला झटका देणं मात्र मला पटत नाही. त्याने मानेतली धमनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना आहेत, क्वचित का होईना. चकरेसोबत जीभ जड झाली, दोन-दोन दिसू लागलं किंवा हातपाय लुळे पडले, तर थेट मोठं रुग्णालय गाठा.