खेळाचा मान व खेळाडूची मान

बर्फावरील हॉकी हा खेळ आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांनीं प्रत्यक्ष पाहिला असेल. परंतु ज्यांचीं मुलें टोरॉंटो अगर बॉस्टनकडे स्थायिक झालीं आहेत, त्या घरच्या आजीआजोबांना नातवंडांच्या तोंडून ह्या खेळाचें नांव खचित ऐकूं येत असेल. गोठविलेल्या मैदानावर पोलादी पात्यांचे बूट चढवून प्रत्येक बाजूचे सहा गडी लांब काठ्यांनीं एक काळी चकती प्रतिपक्षाच्या गोलांत घालूं पाहतात. ही चकती टणक रबराची असते. व्यास तीन इंच, जाडी एक इंच, वजन सुमारें १७० ग्रॅम. ती उसळूं नये म्हणून खेळापूर्वीं गोठवून ठेवितात, आणि कसलेल्या गड्याच्या फटक्यानें ती तासाला शंभर मैलांच्या वेगानें सुटूं शकते. दगडासारखी चकती, सुरीसारखीं पातीं आणि खाली कठीण बर्फ, असा हा त्रिवेणी संगम आहे!

अशा खेळांत नवीं साधनें येऊं द्यावींत कीं नाहीं, हा वाद अमेरिका व कॅनडा येथील धंदेवाईक हॉकींत आज साठांहून अधिक वर्षें चालला आहे. नव्या साधनांनीं खेळाचें पौरुष जातें, असें एक पक्ष म्हणतो. काळाबरोबर चालावें, असें दुसरा म्हणतो. आमच्या मतें ही मांडणीच सदोष आहे. साधन नवें कीं जुनें ह्यापेक्षां तें खेळाडूचें रक्षण करतें कीं खेळाडूचें काम स्वतः करूं लागतें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

१ नोव्हेंबर १९५९ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें मॉंट्रिअल कॅनेडियन्स संघाचा गोलरक्षक जाक प्लांत याच्या तोंडावर अँडी बाथगेटच्या फटक्याची चकती आदळली व त्याचें नाक फाटलें. त्या काळीं गोलरक्षक उघड्या तोंडानेंच उभे राहत. क्लिंट बेनेडिक्टनें १९३० सालीं कातडी मुखवटा घालून पाहिला होता, पण तो थोड्याच सामन्यांत टाकून दिला. प्लांतजवळ फायबरग्लासचा मुखवटा होता. तो सरावांत चाले, सामन्यांत मात्र प्रशिक्षक टो ब्लेक यांची मनाई होती. मुखवट्यानें दृष्टि अडते हा एक आक्षेप, आणि तोंड झांकणारा गोलरक्षक भित्रा ही त्याहून बळकट समजूत. टांके घालून आल्यावर प्लांतनें मुखवट्यावांचून बर्फावर पाऊल ठेवण्याचें साफ नाकारलें. संघाजवळ दुसरा गोलरक्षक नव्हता, तेव्हां ब्लेक यांचा निरुपाय झाला. मॉंट्रिअलनें तो सामना ३-१ असा जिंकला. पुढें मार्च १९६० मध्यें ब्लेक यांच्या आग्रहाखातर प्लांत एकदां मुखवट्यावांचून खेळला. तो सामना संघ हरला, आणि मुखवटा कायमचा चढला. त्या वर्षींचा स्टॅन्ले चषकही त्यांनींच जिंकला. इतकें होऊनही नॅशनल हॉकी लीगमधील शेवटचा उघड्या तोंडाचा गोलरक्षक जाण्यास १९७४ साल उजाडावें लागलें.

डोक्याच्या बाबतींत तर ह्याहून अधिक दिरंगाई झाली, आणि तिची किंमत प्राणानें द्यावी लागली. १३ जानेवारी १९६८ रोजीं मिनेसोटा नॉर्थ स्टार्सचा बिल मास्टर्टन टक्कर होऊन मागें पडला व त्याचें डोकें बर्फावर आपटलें. डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. दोन दिवसांनीं तो वारला. शिरस्त्राणाची सक्ती झाली ती अकरा वर्षांनीं, १९७९ सालीं. तीही फक्त नव्या गड्यांवर. ज्यांचे करार १ जून १९७९ पूर्वींचे होते त्यांना मोकळीक राहिली, आणि तिचा लाभ घेणारा शेवटचा खेळाडू क्रेग मॅक्टॅविश हा १९९७ मध्यें निवृत्त झाला. (पुण्यांतील दुचाकीस्वारांचें शिरस्त्राणाशीं असलेलें हाडवैर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्याचें नवल वाटणार नाहीं.)

आतां दुसऱ्या जातीचीं साधनें घेऊं. शिकागोचे स्टॅन मिकिटा व बॉबी हल यांनीं १९६०च्या सुमारास काठीचें सपाट पातें वाकवून खेळण्यास आरंभ केला. वाकड्या पात्यावरून सुटलेली चकती हवेंत कशी वळेल याचा भरंवसा नसे, आणि समोरचे कित्येक गोलरक्षक अद्याप उघड्या तोंडाचे! लीगनें काठीवर बंदी घातली नाहीं. वांक मोजला, व १९७० मध्यें तो अर्ध्या इंचावर आणून ठेविला. हें शहाणपण पुढें ३ जून १९९३ रोजीं मोठ्या नाट्यमय रीतीनें दिसलें. स्टॅन्ले चषकाच्या अंतिम मालिकेंतला दुसरा सामना. लॉस एंजेलिस किंग्ज २-१ नें पुढें, दोन मिनिटेंही उरलेलीं नाहींत. मॉंट्रिअलचे प्रशिक्षक जाक देमेर्स यांनीं प्रतिपक्षाच्या मार्टी मॅक्सॉर्लीची काठी मोजण्याची मागणी केली. वांक प्रमाणाबाहेर भरला, मॅक्सॉर्ली शिक्षेच्या बांकावर गेला, एरिक देजार्दॅंनें बरोबरी साधली, व जादा वेळांत त्यानेंच विजयाचा गोलही केला. मालिका मॉंट्रिअलनें ४-१ अशी जिंकली. पुढें २००६ मध्यें ही मर्यादा पाऊण इंचापर्यंत सैल करण्यांत आली. लांकडाच्या जागीं आलेल्या कार्बन-तंतूंच्या हलक्या काठ्याही ह्याच न्यायानें चालूं दिल्या गेल्या; त्या महाग आहेत व ऐन वेळीं मोडतात, ही निराळी तक्रार.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें मान्य केली पाहिजे. रक्षणाचें साधनही कधीं कधीं हत्यार बनतें. कोंपराच्या कठीण ढाली दुसऱ्याच्या जबड्यावर बसूं लागल्या, म्हणून त्यांवर बाहेरून मऊ आवरण असलेंच पाहिजे असा नियम आहे. गोलरक्षकांच्या पायांवरील गाद्या इतक्या रुंदावल्या कीं चकतीस वाट उरेना. २००५ सालीं त्या बारा इंचांवरून अकरा इंचांवर आणिल्या. परंतु ह्या उदाहरणांवरून साधन मोजून घ्यावें एवढेंच सिद्ध होतें. गड्याला उघडें ठेवावें, हें नाहीं.

आज हा वाद मानेवर येऊन ठेपला आहे. २२ मार्च १९८९ रोजीं बफेलो संघाचा गोलरक्षक क्लिंट मलार्चुक याच्या गळ्याची शीर दुसऱ्याच्या बुटाच्या पात्यानें कापली गेली. संघाचा शुश्रूषक जिम पिझुटेली पूर्वीं लष्करांत वैद्यकीय काम केलेला होता. त्यानें शीर दाबून धरली म्हणून तो वांचला. २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें नॉटिंगहॅम पॅंथर्सचा अ‍ॅडम जॉन्सन हा २९ वर्षांचा अमेरिकन तरुण तशाच जखमेनें मरण पावला. मानेभोंवतीं गुंडाळण्याची, सहज न कापली जाणारी पट्टी त्यापूर्वींही बाजारांत मिळत होती. गरम होतें, घाम येतो, संवय नाहीं, असे तिच्यावरील खेळाडूंचे आक्षेप. मुखवटा व शिरस्त्राण यांवरही बहुतेक असेच आक्षेप होते.

नॅशनल हॉकी लीग व खेळाडूंची संघटना यांच्यांतील २०२५ सालच्या समझोत्यांत २०२६-२७ च्या हंगामापासून ही पट्टी सक्तीची करण्याचें ठरलें. पण तीही केवळ नव्यानें पदार्पण करणाऱ्यांना. जुन्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलें आहे. शिरस्त्राणाच्या वेळीं शेवटचा उघड्या डोक्याचा गडी जाण्यास अठरा वर्षें लागलीं. तोच हिशेब धरला तर उघड्या मानेचा शेवटचा गडी २०४४ च्या सुमारास बर्फावरून उतरेल.