पाठीतल्या सुईची धास्ती

लहान मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, की ईडन प्रेरीहून भारतात लागणाऱ्या व्हिडिओ कॉलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘पाठीत सुई देऊ नका रे बाबा, जन्माची कंबर धरेल!’ सिझेरियन झालेल्या आपल्या कितीतरी आत्या-मावश्या कंबरदुखीचं खापर त्या सुईवरच फोडत आल्या आहेत. मग इथल्या डॉक्टरांनी ‘कॉडल ब्लॉक’ म्हटलं, की सही करताना आईबाबांचा हात अडखळतो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण आजी-आजोबांना समजवायचं तर आधी आपल्याला कळायला हवं.

पहिली गोष्ट, बहुतेक मुलांना ही सुई कळतच नाही. आधी मास्कमधून पूर्ण भूल देतात. मूल झोपलं, की त्याला कुशीवर वळवून माकडहाडाच्या जरा वर, त्रिकास्थीच्या टोकाला असलेल्या फटीतून औषध सोडतात. मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपलेला असतो. बेंबीखालचा भाग साधारण चार ते सहा तास बधिर राहतो, पूर्ण भूल कमी लागते आणि मूल कळवळत जागं होत नाही. तोटा इतकाच, की काही तास पाय जड वाटतात आणि कधी लघवीला उशीर होतो.

दुसरा पर्याय जांघेच्या नसांचा ब्लॉक. सोनोग्राफीत बघत कमरेच्या हाडाजवळ, फक्त ऑपरेशनच्या बाजूला औषध देतात. पाय सहसा मोकळे राहतात. आतल्या ताणाची वेदना मात्र त्याने पूर्ण थांबत नाही. मोठ्या मुलांत त्रिकास्थीची ती फट सापडणं अवघड होत जातं, तिथे हा पर्याय सोयीचा.

तिसरा स्पायनल. अगदी तान्ह्या, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पूर्ण भूल न देताही यावर ऑपरेशन करता येतं. असर साधारण तासाभराचा, म्हणून काम झटपट उरकावं लागतं.

आता भीतीचं. अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांनी मिळून अशा एक लाखाहून जास्त ब्लॉकची नोंद ठेवली. 2018 साली ती प्रसिद्ध झाली. त्यात नसांना कायमची इजा झाल्याचं एकही उदाहरण नव्हतं. बाळंतपणातल्या एपिड्युरलचाही वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीशी संबंध अभ्यासांत दिसलेला नाही.

‘भुलीने मेंदूवर परिणाम होईल का?’ हा दुसरा घोर. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल सावध केलं. पण सात देशांतल्या 722 बाळांच्या हर्निया ऑपरेशनचा अभ्यास 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. काहींना पूर्ण भूल, काहींना जागेपणी फक्त ब्लॉक दिला होता. पाचव्या वर्षी दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकात फरक आढळला नाही. भूल सरासरी तासाभराचीच होती.

तेव्हा सही करण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा : माझ्या मुलाला यातला कोणता ब्लॉक आणि का? त्याचा असर कधी उतरेल? घरी वेदनेचं औषध केव्हा सुरू करायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या. ब्लॉक बहुधा संध्याकाळी किंवा झोपेच्या वेळी उतरतो आणि टायलेनॉल, म्हणजे आपलं पॅरासिटॅमॉल, त्याआधीच पोटात गेलेलं बरं. वजनाप्रमाणे किती द्यायचं, तेही त्यांच्याकडूनच घ्या. मग भारतात फोन लावा.